ट्रकखाली कोण वाकणार?

४ जुलै २०२३ च्या सकाळी, धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, मध्य प्रदेशातून येणाऱ्या एका कंटेनरने मुंबई-आग्रा महामार्गावर आधी दुचाक्या आणि गाड्या उडवल्या आणि मग तो थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसं गेली. त्यांतली काही तर नुसती बसची वाट बघत उभी होती. कारण त्याच दिवशी सांगून झालं. ब्रेक फेल.

मी इंदूरचा. राऊ, मानपूर, गणेश घाट, खलघाट, सेंधवा, बिजासन, पळासनेर, शिरपूर हा माझा लहानपणापासूनचा महाराष्ट्रात येण्याजाण्याचा रस्ता. त्यावरच्या प्रत्येक मोठ्या अपघातानंतर हेच कारण वाचत आलो, आणि आता ते मी मान्य करायला तयार नाही. ट्रकचे ब्रेक घाटात अचानक दगा देतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ट्रकच्या खाली शिरून बघावं. ते ब्रेक आठवड्यांमागून आठवडे सैल होत आलेले असतात. ते कुणीतरी मोजायला हवे होते, कसायला हवे होते. ते काम कुणी केलेलं नसतं, आणि माणसं मेल्यावर दोष मात्र लोखंडावर ढकलला जातो.

ही यंत्रणा कशी चालते ते आधी सांगतो, कारण हलगर्जीपणा तिच्या तपशिलातच पकडता येतो. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दिला की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, आतला रबरी पडदा ढकलते, आणि चेंबरमधून एक दांडी बाहेर येते. ही पुशरॉड. ती स्लॅक अ‍ॅडजस्टर नावाच्या तरफेला रेटते, तरफ कॅम फिरवते, कॅम ब्रेक शू पसरवतो आणि शूवरचा लायनर चाकाच्या ड्रमवर दाबला जातो. लायनर झिजला की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते आणि दांडीला जास्त लांब यावं लागतं. टाइप ३० हा जगभर वापरला जाणारा चेंबर घ्या. त्यात दांडीची सगळी धाव अडीच इंचांची. दोन इंचांवर गेली की ब्रेक कसलाच पाहिजे, कारण शेवटच्या अर्ध्या इंचात तिचा जोर झपाट्याने ओसरतो. दांडी टोकाला टेकली की मागून कितीही हवा सोडा, लायनर ड्रमला दाबला जाणार नाही.

आता यातली सगळ्यात घातक गोष्ट. कारच्या ब्रेकमध्ये तेल असतं. त्यात काही बिघडलं की पेडल खोल जातं, पायाला कळतं, माणूस गॅरेज गाठतो. हवेच्या ब्रेकमध्ये दांडी किती लांब येते आहे हे ड्रायव्हरच्या पायाला कळतच नाही. पेडल नेहमीसारखंच लागतं. प्रेशरचा काटा पूर्ण दाखवतो. इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरच्या सपाट रस्त्यावर, थंड ब्रेकवर, गाडी थांबतेही. तीस वर्षं ट्रक चालवलेला उस्ताद असला तरी केबिनमध्ये बसून त्याला हा दोष ओळखता येत नाही. तो ओळखायचा एकच मार्ग आहे: गाडीखाली जाऊन मोजणं.

घाटात काय होतं ते बघा. तापला की ड्रम प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून आणखी दूर सरकतो. थंड असताना दोन इंचांत भागवणारी दांडी आता अडीच इंचांना जाऊन भिडते. ४० टनांचा ट्रक सहा टक्क्यांच्या उतारावर तीन किलोमीटर आला, तर तो सुमारे १८० मीटर उंचीवरून खाली आलेला असतो. त्या वजनाची ७ कोटी ज्यूल ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेवर सव्वादोनशे लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन सोसतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली असेल तर जवळजवळ सगळा भार ड्रमांवर. त्यातही सहांपैकी चार चाकांचे ब्रेक सैल आणि दोनच कसलेले असतील, तर त्या चौघांच्या वाटणीचं कामही त्या दोघांवर येतं. त्यांचे लायनर जळतात, वास येतो, धूर येतो, आणि मग थांबवायला काहीच उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका क्षणात घडलं. खरं तर ट्रक इंदूरहून निघाला तेव्हाच हे ठरलेलं होतं.

आणि यावरचा इलाज काय? गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक सोडा, इंजिन बंद करा. दांडी जिथून बाहेर येते तिथे खडूने खूण करा. एकाने पूर्ण ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने पट्टीने मोजायचं. मर्यादेबाहेर निघाली तर आधी कारण शोधायचं. साधा, हाताने कसायचा स्लॅक असेल तर पान्याने बोल्ट फिरवून लायनर ड्रमला टेकेपर्यंत आणायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा. दोन माणसांचं तासाभराचं काम. खडू, पट्टी, पाना. परदेशी यंत्र लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. एवढंही होत नाही, म्हणून माझा संताप आहे.

ट्रान्सपोर्ट नगरात एका मिस्त्रीशी मी याबद्दल बोललो. मूळचा शिरपूरकडचा, हात ग्रीसने माखलेले, बोलणं मोजकं. म्हणाला, “काका, चेंबर फुटलं की गाडी येते, हवा लीक झाली की येते. ब्रेक नुसते बघून दे म्हणून कुणी येत नाही. मी स्वतःहून म्हटलं तर शेठ विचारतो, गाडी थांबते ना? मग भरायला लाव.” मी विचारलं, ड्रायव्हर काही बोलत नाही? तो म्हणाला, “बोलला तर दुसरा ड्रायव्हर येतो.”

गाडी थांबते ना! रिकामी गाडी, थंड ड्रम, सपाट रस्ता, आणि त्यावर मालकाने स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र. जो धंदा टायरचा किलोमीटरनिशी हिशेब ठेवतो, डिझेलच्या लिटरवरून ड्रायव्हरचा पगार कापतो, त्या धंद्याला दांडीचा अर्धा इंच मोजता येत नाही हे मला पटत नाही. त्याला तो मोजायचा नाही. मोजला तर गाडी दोन तास उभी राहते, लायनर बदलायला लागतो, भाडं हुकतं. न मोजण्यात पैसा आहे आणि मोजण्यात खर्च आहे, एवढं साधं गणित आहे हे. त्यात पळासनेरच्या थांब्यावर उभी असलेली माणसं कुठेच येत नाहीत.

सरकारचा हिशेब याहून वाईट. नव्या व्यापारी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दर वर्षी. घाटाच्या रस्त्यावर राबणाऱ्या ट्रकचे ब्रेक काही आठवड्यांत सैल होऊ शकतात, आणि तपासणी दोन वर्षांनी! तीही आजवर बहुतेक ठिकाणी डोळ्यांनी बघून आणि कागदावर शिक्का मारून झाली. माणसाच्या हातात ती राहू नये म्हणून यंत्रांवर चालणाऱ्या तपासणी केंद्रांचा नियम आला. रोलरवर चाक ठेवून प्रत्येक ब्रेकचा जोर मोजणारी ही केंद्रं. मोठ्या वाहनांसाठी ती १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची व्हायची होती. मग मुदत १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. मुदत वाढवणाऱ्यांनी त्या दीड वर्षात घाट उतरणाऱ्या ट्रकांसाठी दुसरी काय व्यवस्था केली? काहीही नाही.

सेंधव्याच्या सीमेवरचा परिवहन नाका आठवतो. ट्रकांच्या रांगा, धूळ, कागद घेऊन खिडकीकडे धावणारे क्लीनर. तिथल्या वसुलीच्या तक्रारी ट्रकवाले वर्षानुवर्षं करत होते. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने हे नाके बंद केले, चांगलं केलं. पण बिजासन घाटाच्या तोंडाशी, जिथे प्रत्येक ट्रक उभा करायचा अधिकार सरकारला होता, तिथे कुणी अधिकारी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलेला मी कधी पाहिला नाही. तिथून पळासनेर जवळच आहे. परवाना बघितला, परमिट बघितलं, वजन बघितलं, आणि ज्याने माणूस मरतो ते बघितलं नाही.

गणेश घाटाची गोष्ट तर आमच्या दाराशी घडली. राऊ-खलघाट चौपदरीवरचा हा उतार धार जिल्ह्यात आहे. इंदूरकडून उतरणारे ट्रक इथे सुटायचे, दुभाजक ओलांडून समोरून चढणाऱ्या गाड्यांवर जाऊन पडायचे, पेटायचे. कितीतरी घरं यात बुडाली. अखेर उतार कमी करणारा ८.८ किलोमीटरचा नवा रस्ता बांधला गेला आणि २०२४ च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाला. त्यावर शंभर कोटींच्या आसपास पैसा लागला. तो रस्ता हवाच होता, आणि तो व्हायला एवढी वर्षं लागली याचा जाब वेगळा मागायला हवा. पण प्रश्न मिटला असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सैल ब्रेकचा ट्रक नव्या रस्त्याने सुखरूप उतरला म्हणून त्याचे ब्रेक कसले जात नाहीत. तोच ट्रक त्याच दांड्या घेऊन पुढे बिजासन उतरतो, नाशिक ओलांडून कसारा उतरतो. डोंगर किती ठिकाणी कापणार आहात?

पुण्याचा नवले पूल बघा. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्या चिरडल्या. पहिली बातमी अर्थातच ब्रेक फेलची. पुढे पोलिसांनी सांगितलं की ब्रेक निकामी नव्हतेच, उतारावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलेलं होतं. म्हणजे बघितलं की खरं कारण सापडतं! गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंजिन बंद केलं की त्याचा आवर जातो आणि कॉम्प्रेसरही थांबतो. टाकीत उरलेल्या हवेवर सगळं अवलंबून राहतं. ही तपासणी तिथे झाली, कारण गाड्यांचा खच पडला होता आणि देशभर त्याचं चित्र दिसलं. खरगोन-बडवानीकडच्या आडबाजूला एक ट्रक, एक मोटारसायकल आणि दोन मृतदेह असतात तेव्हा कोण एवढी तसदी घेतं? आणि १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच नवले पुलाजवळ पुन्हा एक कंटेनर सुटला, गाड्या पेटल्या, माणसं जळून मेली, आणि पुन्हा तेच कारण सगळ्यात आधी बाहेर आलं.

इंदूरला जाग येत नाही असं नाही. १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी एअरपोर्ट रोडवर नो-एन्ट्रीत शिरलेल्या ट्रकने माणसं चिरडली तेव्हा शहर हादरलं. ड्रायव्हर दारू प्यायलेला होता असं पोलिसांनी सांगितलं. त्याला शहरात सोडलं कुणी, हा प्रश्न विचारला गेला आणि पोलिस अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. योग्यच झालं. पण तिथे दोषी डोळ्यांना दिसत होता. सैल ब्रेकचा दोषी दिसत नाही. तो सियागंजच्या पेढीवर किंवा ट्रान्सपोर्ट नगरच्या गादीवर बसलेला असतो, अपघाताच्या जागेपासून शंभर-दोनशे किलोमीटर दूर, आणि त्याच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही.

कायदा मात्र पोहोचू शकतो. मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलम वाचा. धोकादायक दोष असलेलं वाहन जो चालवतो, जो चालवायला लावतो किंवा जो चालवू देतो, ते सगळे त्यात येतात. दोष माहीत नव्हता ही सबबही चालत नाही, कारण साधारण काळजी घेतली असती तर जो कळला असता असा दोषही त्यात धरला आहे. खडू आणि पट्टीने कळणारा दोष साधारण काळजीत बसत नसेल तर काय बसतं? पण त्याच कलमातली शिक्षा बघा: नुसत्या दोषाला १,५०० रुपये दंड, अपघातात कुणी जखमी झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. एका लायनर बदलाच्या खर्चाशी हे ताडून पाहा आणि सांगा, मालकाने ब्रेक का कसावा? आणि एवढं क्षुल्लक कलमही मालकावर लावल्याचं मी तरी क्वचितच वाचलं आहे. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लागतो तो ड्रायव्हरवर. २०२४ च्या जानेवारीत नव्या हिट-अँड-रन तरतुदीविरुद्ध ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, इंदुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा शहराने त्यांना शिव्या घातल्या. पळून जाणाऱ्या ड्रायव्हरची मी बाजू घेणार नाही. पण जो माणूस गाडी उभी करून ब्रेक कसू म्हणाला तर नोकरी गमावतो, त्यालाच एकट्याला तुरुंगात पाठवायचं आणि चावी देणाऱ्याला सोडून द्यायचं, याला मी न्याय म्हणणार नाही.

एक नवी सबब हल्ली ऐकू येते: आता ऑटो स्लॅक आले, ते आपोआप कसतात, बघायची गरज नाही. ही सबब जास्त धोकादायक आहे. आपोआप कसणारा स्लॅकही झिजतो, अडकतो, चुकीचा बसवला जातो. तो असूनही दांडी लांब येत असेल, तर कुठेतरी दुसरा बिघाड आहे असा त्याचा अर्थ. तिथे पाना घालून हाताने कसून गाडी मार्गी लावली की खरा दोष झाकला जातो आणि थोड्याच दिवसांत ब्रेक पुन्हा सैल पडतो. अमेरिकेत २००३ साली पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉकला एक डंपर उतारावर सुटला. त्याच्या तपासातून तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने हाच इशारा दिला होता. आपल्या गॅरेजांत तो कुणी पोहोचवला आहे का? अमेरिकेत रस्त्यावरच्या तपासणीत एका गाडीचे वीस टक्के ब्रेक सदोष निघाले तर गाडी जागीच उभी करतात. दहापैकी दोन. दुरुस्त झाल्याशिवाय हलू देत नाहीत. मालक किती ओरडला तरी.

आपल्याला हे जमणार नाही म्हणणाऱ्यांना मी पीथमपूर दाखवतो. तिथे नॅट्रॅक्स आहे, वाहनं तपासण्याची देशातली मोठी संस्था. तिचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २९ जून २०२१ ला सुरू झाला. ब्रेक तपासायला तिथे वेगळा ट्रॅक आहे, चढ-उतारांचे वेगळे रस्ते आहेत. म्हणजे ब्रेक कसा मोजायचा हे जाणणारी माणसं आणि साधनं गणेश घाटापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. नव्या मॉडेलचा ब्रेक मीटर-मीटरने मोजायचा आणि तोच ट्रक विकला गेला की दोन वर्षं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, हे धोरण ज्यांनी चालू ठेवलं त्यांनी जाब द्यायला हवा. आणि इंदूर महापालिकेला विचारा, रोजची तपासणी काय करू शकते. ओला-सुका वेगळा नसेल तर दारातली गाडी कचरा घेत नाही. त्या रोजच्या अडवणुकीने हे शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं. केळाच्या सालीसाठी जी शिस्त आम्ही पाळू शकतो ती ४० टनांच्या ट्रकसाठी का नाही?

मानपूरला घाटाआधी एक प्रशस्त थांबा करा. खाली खड्डा, वर दिवे, परिवहन खात्याचे दोन प्रशिक्षित मिस्त्री आणि दिवसरात्र पाळ्या. सगळे ट्रक थांबवता येणार नाहीत; काही थांबवा, पण रोज थांबवा आणि पैसे घेऊन सोडू नका. मोठ्या वाहनाचा परवाना देताना उमेदवाराला गाडीखाली जाऊन दांडी मोजायला लावा. ज्याला येत नाही त्याला परवाना देऊ नका. पीथमपूरच्या कारखान्यांनी बिल्टीवर वजन आणि भाडं लिहितात तसं शेवटची ब्रेक तपासणी कधी आणि कुणी केली हे लिहून घ्यावं, आणि रकाना रिकामा असेल तर माल भरू नये. दारात उभा असलेला ट्रक परत पाठवायची ताकद ज्याच्याकडे सगळ्यात जास्त आहे तो माल पाठवणाराच आजवर सगळ्यात गप्प आहे.

आणि पोलिसांना एक सांगणं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली किती सैल ब्रेकमुळे गेली हे कळायचं असेल तर पुढच्या वेळी घाटाखाली ट्रक आडवा पडलेला असेल तेव्हा क्रेन लावायच्या आधी तज्ज्ञ बोलवा. जी चाकं शाबूत असतील त्यांच्या दांड्या मोजा आणि प्रत्येक आकडा पंचनाम्यात लिहा. लायनरची जाडी लिहा. गाडी कुठल्या गिअरमध्ये होती ते लिहा. आकडे मर्यादेबाहेर निघाले तर मालकाचं नाव आरोपींत घाला, आणि ज्याच्या सहीने त्या गाडीला शेवटचं फिटनेस मिळालं त्याला जबाब द्यायला बोलवा. हे केल्याशिवाय ब्रेक फेल असं कारण लिहून फाइल बंद करायचा अधिकार कुणालाही नसावा.